हिरडीतला पू आणि छातीतला कफ

अकोल्याच्या जठारपेठेत दातांचा डॉक्टर शोधत हिंडावं लागत नाही आणि छातीचाही नाही. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूरकडून सकाळच्या एसटीने आलेली माणसं हातातल्या पिशवीत एक्स-रेचं पाकीट घेऊन या भागात फिरताना दिसतात. एका दवाखान्यात दम्याचा पंप लिहून मिळतो, दुसऱ्यात हलणारा दात काढला जातो. माणूस तोच असतो, कागद मात्र दोन, आणि एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर क्वचितच जातं. या प्रकरणात ते दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे आहेत.

छाती दाखवायला आलेल्या माणसाला डॉक्टरने 'आ करा' म्हटलं, की त्याला नवल वाटतं. "दम्यासाठी आलो जी मी, दात काहून पाह्यता?" त्याचं नवल रास्त आहे. वैद्यकाच्या शिक्षणातच तोंड वेगळं काढलं गेलं. दातांचं कॉलेज वेगळं, पदवी वेगळी, ओपीडी वेगळी. शरीरात मात्र अशी विभागणी नाही. ज्या घशातून घास खाली जातो त्याच घशातून श्वास जातो, आणि दोन्ही वाटा जिथे फुटतात ती जागा तोंडाच्या मागेच आहे.

आधी हिरडीचं पाहू. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. रंगाने ती गुलाबी असते असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे अनेकांची हिरडी जन्मतःच सावळी असते. तो रोग नव्हे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. दंतवैद्य त्या खाचेत मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हलकेच उतरवतो आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो. शेजारी उभी असलेली मदतनीस आकडे लिहून घेते: तीन, दोन, तीन, तीन, तीन, दोन. तीनपर्यंत ठीक. मागच्या दाढांशी पोचल्यावर आकडे बदलतात: पाच, सहा, सात. सळई बाहेर काढल्यावर काही क्षणांनी तिथे रक्ताचा ठिपका उमटतो. खूप जुनं दुखणं असेल तर हिरडीवर बोट दाबताच दाताच्या कडेने पिवळसर पू येतो. यालाच लोक पायोरिया म्हणतात.

हे होतं कसं? ब्रश केल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर धरू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यावर बसतात आणि दगडासारखं कीटण तयार होतं. ते ब्रशने निघत नाही, त्याला अवजारच लागतं. कीटणाच्या खडबडीत पाठीवर आणखी जंतू बसतात आणि हिरडीच्या खाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, वेगळ्याच जातींचं राज्य सुरू होतं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला, टॅनेरेला फॉर्सिथिया ही त्यातली बदनाम नावं. त्यांच्याशी लढायला शरीर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पाठवतं. या पेशींची पाचक द्रव्यं जंतूंबरोबर आपलेही तंतू तोडतात, दाताभोवतालचं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. या साऱ्यात दुखत जवळजवळ काहीच नाही. किडलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. सुजलेली हिरडी वर्षानुवर्षं गप्प असते.

सगळ्या दातांभोवतीच्या अशा खोल खिशांच्या आतली त्वचा उलगडून पसरली तर तिचं क्षेत्रफळ किती होईल, याचा हिशेब संशोधकांनी केला आहे. हिरड्यांचा आजार सर्वत्र पसरलेल्या माणसात ते ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतं. एवढी जखम पायावर असती तर घरातल्यांनी त्या माणसाला उचलून सर्वोपचार रुग्णालयात नेलं असतं.

थर साचू दिला की हिरडी सुजते, हे १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. प्रयोग साधा होता, पण त्यातून दोन गोष्टी कायमच्या ठरल्या: सुरुवातीची सूज हा जंतूंच्या थराचा परिणाम आहे, आणि ती उलटवता येते. हाड झिजल्यानंतर मात्र ते सहसा परत येत नाही, तिथे पुढचं नुकसान थांबवणंच हाती उरतं.

आपल्याकडे रक्त दिसताच लोक नेमकं उलट करतात. हिरडीतून रक्त आलं की ब्रश बंद, बोटाने मंजन. वऱ्हाडातल्या खेड्यांत अजून राखुंडी आहे, निंबाची काडी आहे आणि काही घरांत भाजलेल्या तंबाखूची मिश्रीही आहे. निंबाची काडी नीट चावून, कुंचा करून वापरली तर थर निघतो, तिच्याशी माझं भांडण नाही. मिश्रीशी आहे. ती दात साफ करण्याच्या नावाखाली लागलेलं तंबाखूचं व्यसन आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला तंबाखू मुख्यतः तोंडातच राहतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा कोणत्याही पानठेल्यावर मिळतो. तो ज्या गालात धरला जातो तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. धुरामुळे हिरडीतला रक्तप्रवाह कमी होतो, त्यामुळे आतून रोग वाढत असताना रक्त कमी येतं आणि माणसाला वाटतं, आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत.

आता हिरडीतून छातीकडची वाट.

दिवसभरात तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या आसपास जंतू असतात. ती लाळ आपण गिळतो, पोटातलं आम्ल जंतूंचा निकाल लावतं. पण थोडी लाळ श्वासनलिकेत जातेच, आणि ती निरोगी माणसातही जाते. १९७८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या घशात किंचित किरणोत्सारी द्रव सोडून तो फुफ्फुसात उतरतो का हे पाहिलं. निरोगी माणसांतल्या ४५ टक्क्यांच्या फुफ्फुसांत गाढ झोपेत तो उतरला होता. शुद्ध हरपलेल्या रुग्णांत हेच प्रमाण ७० टक्के होतं.

मग आपल्या सगळ्यांनाच रोज न्यूमोनिया का होत नाही? कारण आत पहारा आहे. ठसका लागतो. श्वासनलिकेच्या आतल्या सूक्ष्म केसांची सतत वर ढकलणारी हालचाल कफ घशाशी आणून सोडते. त्यातून सुटलेले जंतू फुफ्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात. निकाल लागतो तो दोन गोष्टींवर: पहारा किती जागा आहे, आणि खाली उतरणाऱ्या लाळेत काय आणि किती आहे. म्हातारपण, पक्षाघात, दारू, झोपेची औषधं, अनेक वर्षांचा धूर यांनी पहारा ढिला पडतो. हिरडीचा आजार दुसऱ्या बाजूने काम करतो. तो लाळेतला जंतूंचा साठा वाढवतो, आणि त्या जंतूंची विकरं तोंडा-घशातल्या त्वचेचा वरचा संरक्षक थर खरवडतात, त्यामुळे न्यूमोनियाच्या जंतूंना तिथे चिकटायला जागा मिळते. याखेरीज तिसरा मार्ग रक्ताचा. हिरडीतली सूज रक्तात दाहाची रसायनं सोडत राहते आणि आधीच सुजलेल्या फुफ्फुसाला त्याचा ताप होतो, असं मानलं जातं. पहिल्या मार्गाचे पुरावे भक्कम आहेत, तिसऱ्याचे अजून तेवढे नाहीत.

जुन्या डॉक्टरांना या वाटेचा अंदाज फार आधी होता. फुफ्फुसात पुवाचा गळू होतो, बेडका इतका घाण वास मारतो की खोलीत थांबवत नाही. अशा रुग्णाचं तोंड उघडून पाहण्याची शिकवण होती, कारण तिथे बहुधा कुजलेले दात आणि पू भरलेल्या हिरड्या सापडत. १९२० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड स्मिथ यांनी अशा गळूच्या भिंतीतले जंतू तपासले, तेव्हा ते हिरडीच्या खाचेतल्या जंतूंसारखेच निघाले. छातीच्या विभागात निवासी डॉक्टरांना आजही एक गोष्ट सांगितली जाते: तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला फुफ्फुसात गळू झाला, तर कर्करोगाने नळी तुंबली नाही ना, हे आधी बघा. दातच नाहीत, म्हणजे त्या जंतूंचं घर नाही. मग गळू आला कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र या विचाराचा अतिरेक झाला. लंडनचे विल्यम हंटर यांनी १९१० साली माँट्रियलमध्ये एक भाषण दिलं, त्यानंतर संधिवातापासून वेडापर्यंत प्रत्येक दुखण्याचं मूळ दातांत शोधायची लाट आली. हजारो माणसांचे चांगले दात उपटले गेले आणि त्यांचे आजार होते तिथेच राहिले. शतकाच्या मध्यापर्यंत ही कल्पना बदनाम झाली. तिच्याबरोबर तिच्यातला खरा अंशही अनेक वर्षं अडगळीत पडला. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आज पुन्हा 'सर्व रोगांचं मूळ तोंडात' अशा धर्तीचे व्हिडिओ फिरू लागले आहेत.

खरा अंश बाहेर काढला तो जपानने. तिथे अकरा वृद्धाश्रमांत ४१७ वृद्धांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटात कर्मचारी प्रत्येक जेवणानंतर वृद्धांचे दात स्वतः घासून देत, गरज पडली तर घसा पुसून घेत, आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्य किंवा त्यांचे सहायक येऊन सफाई करत. दुसऱ्या गटात नेहमीसारखं, ज्याचं त्याने. दोन वर्षं हे चाललं. दुसऱ्या गटात १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, पहिल्यात ११ टक्के. न्यूमोनियाने झालेले मृत्यू दुसऱ्या गटात १६ टक्के होते, पहिल्यात ७ टक्के. योनेयामा आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये थोडक्यात आणि २००२ मध्ये सविस्तर छापून आला. यात नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. ब्रश होता आणि तो दुसऱ्याच्या तोंडात धरणारा हात होता.

जपानमध्येच पुढे ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांचा तीन वर्षं मागोवा घेतला. रात्री कवळी काढून न ठेवणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका कवळी काढणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. आपल्या घरांतल्या आजी-आजोबांना कवळी काढलेलं तोंड कोणी पाहू नये असं वाटतं, म्हणून ते ती रात्रीही चढवून ठेवतात. ती लाज समजण्यासारखी आहे. तरी ती वाटीत काढून ठेवायला त्यांना हळूच सांगायला हवं.

वृद्धाश्रम वऱ्हाडात फारसे नाहीत, आपले म्हातारे घरीच असतात. पण याच प्रश्नाचं तीव्र रूप आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात भेटतं. कपाशीवर फवारणी करताना, किंवा मनाच्या फार वाईट घडीला, कीटकनाशक पोटात गेलेली माणसं इथे दरवर्षी येतात. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सबंध देशाचं लक्ष इकडे वळलं होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो, कधी कित्येक दिवस. विष उतरत असतं, नातेवाईक व्हरांड्यात सतरंजीवर वाट पाहत असतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढतो. एक्स-रेवर पांढरा डाग. व्हेंटिलेटर लावल्यानंतर दोन दिवस उलटून झालेला हा न्यूमोनिया विषाइतकाच जिवावर बेततो.

नळी तोंडातून श्वासनलिकेत गेलेली असते, त्यामुळे तोंड बंद होत नाही आणि ठसकाही येत नाही. विषावरच्या अॅट्रोपिनने तोंड कोरडं पडतं, लाळेचं रोजचं धुणं थांबतं. दातांवरच्या थरातली वस्ती काही दिवसांत बदलते, तिथे क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारखे रुग्णालयातले हट्टी जंतू ठाण मांडतात. बफेलो विद्यापीठातले फ्रँक स्कॅनापिको यांनी १९९२ मध्ये तपासलं तेव्हा अतिदक्षता विभागातल्या ६५ टक्के रुग्णांच्या दातांवर किंवा तोंडातल्या त्वचेवर श्वसनरोगांचे जंतू सापडले, बाहेरून दात दाखवायला येणाऱ्यांत फक्त १६ टक्क्यांच्या. नळीच्या फुग्याच्या वर साचलेली लाळ कडेकडेने झिरपत खाली जाते. बाकीचं सांगायला नको.

यावर बरीच वर्षं उपाय म्हणून क्लोरहेक्सिडीनच्या बोळ्याने तोंड पुसलं जाई. पण त्याने जीव वाचतात असं दिसेना, उलट काही विश्लेषणांत मृत्यू वाढत असल्याची शंका आली. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते वगळून दात ब्रशने घासायला सांगितलं. पाठोपाठ जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये पंधरा चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. रोज ब्रश केल्याने रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, आयसीयूतले मृत्यूही कमी झाले. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला, आणि दिवसातून दोनदा पुरेसं होतं, तिसऱ्यांदा घासून जास्त काही मिळालं नाही. ब्रश जागच्या जागी धरलेल्या थराला खरवडून काढतो, नुसता औषधाचा बोळा तो थर भेदू शकत नाही. भरल्या वॉर्डात एकेका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात हे ज्याने पाहिलंय, तो यावर सहज बोट दाखवणार नाही. पण हे काम कोणाच्या तरी ड्युटीत नावानिशी लिहिलेलं असावं, एवढी मागणी मी आग्रहाने करीन.

जुन्या दम्याची, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्याची, गोष्ट इतकी सरळ नाही. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यातले पुष्कळ कधीच बिडी न ओढलेले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये हा मुद्दा जगापुढे ठळकपणे मांडला. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीपुढे जिचं आयुष्य गेलं त्या बाईला हे वाचून दाखवायची गरज नाही. तिच्या छातीत ते आहेच. या रुग्णांत हिरड्यांचा आजार जास्त आढळतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण एकामुळे दुसरं होतं की दोन्ही एकाच मुळातून येतात? धूर, तंबाखू, मधुमेह, वय, हाती पैसा नसणं ही सगळी दोन्हीकडे आहेत. मधुमेहाने हिरडी बिघडते, बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही, आणि वाढलेली साखर छातीच्या संसर्गालाही वाट देते. हे धागे सुटे करणं अवघड आहे. शिवाय उलटी वाटही आहे: धाप लागलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं. टायोट्रोपियमसारख्या पंपातल्या औषधानेही तोंड कोरडं पडतं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही तर जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, आणि लाळ आणखी घट्ट होते.

बीजिंगमध्ये सीओपीडी आणि हिरड्यांचा आजार दोन्ही असलेल्या साठ रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या दातांचं कीटण काढलं, त्यांची फुफ्फुसांची ताकद नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा बरी राहिली आणि दम एकाएकी उफाळून येण्याचे प्रसंगही कमी झाले. आशा वाटावी असा हा निकाल आहे. पण साठ म्हणजे थोडेच रुग्ण. हिरड्या साफ केल्या की दमा जातो असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि पंप बंद करायला सांगत असेल तर ते धोक्याचं आहे.

करोनाच्या बाबतीतही असंच सबुरीने घ्यावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा अमरावती-अकोल्याला बसला, अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. त्याच महिन्यात कतारमधला एक अभ्यास आला. ५६८ रुग्णांत ज्यांच्या हिरड्या आजारी होत्या, त्यांना अतिदक्षता आणि व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता कितीतरी पट जास्त निघाली. पण मधुमेह, धूम्रपान आणि वय यांचा वाटा आकडेमोडीने कितीही वेगळा काढला, तरी तो पूर्ण निघत नाही. ज्याचं तोंड दुर्लक्षित, त्याचं बाकी शरीरही बहुधा दुर्लक्षितच असतं.

जिथे पुरावा पक्का आहे तिथे मात्र वाट पाहत बसण्याचं कारण नाही, आणि तो घरातल्या खाटेवर खिळलेल्या माणसाबाबत पक्का आहे. पक्षाघातानंतर दवाखान्यातून घरी आणलेला रुग्ण, नाकातून पोटात घातलेली नळी, त्यातून पेज आणि दूध. घरच्यांना वाटतं, तोंडाने काही खात नाही तर दात कशाला घासायचे? "बाबूजी तं काहीच खात नाई, तोंड काय खराब होनार?" होतं, आणि खाणाऱ्यापेक्षा जास्त होतं. चावणं थांबलं की लाळ कमी होते, जिभेची हालचाल थांबते, जे साचतं ते साचूनच राहतं. टाळूवर वाळलेल्या कफाची पापुद्र्यासारखी खपली धरते. ती सुटून मागे गेली तर थेट श्वासनलिकेत.

अशा माणसाचं तोंड साफ करायचं ते पाठीवर सपाट झोपवून नव्हे. डोक्याकडची बाजू उशा लावून अर्धी उठवावी, मान एका कुशीला वळवावी, हनुवटीखाली टॉवेल ठेवावा. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा, तो ओला करून झटकावा, पेस्ट नावापुरती किंवा अजिबात नको. दातांची बाहेरची बाजू, आतली बाजू, मग जीभ मागून पुढे. चूळ भरायला सांगू नये, तोंडात पाणी ओतू नये. सुटलेला थर ओला, पिळलेला गॉज बोटाला गुंडाळून पुसून घ्यावा. खपली ओढून काढू नये, आधी ओल्या गॉजने भिजू द्यावी. पक्षाघात झालेल्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो आणि रुग्णाला तो कळत नाही, म्हणून त्या गालात बोट फिरवून बघावं. रुग्ण चावत असेल तर बोट दातांमध्ये घालू नये, ब्रशच्या दांड्याने काम करावं. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. पहिले काही दिवस रक्त येईल, त्याला घाबरून थांबू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि रक्त थांबत नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारावं. हे काम बहुतेक घरांत सून किंवा लेक करते, आणि तिला ते कोणी शिकवलेलं नसतं. रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा समजावतात तशी पाच मिनिटं यासाठी देता येतात.

हिंडत्या-फिरत्या दमेकऱ्याने दात दाखवावेत का? दाखवावेत, दातांसाठी तर नक्कीच. 'सफाई केली की दात ढिले होतात' ही समजूत गावोगाव आहे. कीटणाने दातांमधली फट बुजवलेली असते, ते निघालं की फट दिसते आणि दात आधीच किती हलत होता ते उघडं पडतं, एवढंच. अकोला आणि अमरावतीत दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हे काम खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतं, आणि सरकारी रुग्णालयांतही दंत विभाग असतो. जाताना छातीचा कागद बरोबर न्यावा. खुर्चीत बसल्या बसल्या आपल्याला दमा आहे, पंप कोणता चालू आहे, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, हे सांगावं. खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नये, पाठ उठती ठेवायला सांगावी. कीटण काढणाऱ्या यंत्राच्या पाण्याचा फवारा उडतो, त्याने ठसका लागू शकतो, म्हणून मधे मधे थांबायला सांगायचा संकोच करू नये. छातीत घरघर वाढलेली असेल किंवा ताप असेल त्या आठवड्यात जाऊ नये, ते शमल्यावर जावं. आणि पंप घरी न विसरता खिशात ठेवावा.